एक से भले दो, तिसरी आत्याकडे!

आवाज फार मोठा नव्हता. टेबलावरून मोबाइल पडल्यावर होतो तेवढाच. पण जून २०२३ मधल्या त्या संध्याकाळी आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये जी पडली ती होती माझी एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. लॅपटॉपला लावलेली, चालू असलेली. मी चहाचा कप उचलायला गेले, मनगटात केबल अडकली आणि डिस्क थेट फरशीवर!

उचलली, पुन्हा लावली. आतून टक्... टक्... टक्. लॅपटॉपने थोडा वेळ विचार केला आणि चक्क ओळखच दाखवली नाही.

फ्रीलान्स पत्रकाराची हार्ड डिस्क म्हणजे काय असतं, हे वेगळं सांगायला नको. पाच वर्षांच्या मुलाखती, अर्धवट फीचर्स, थकलेल्या मानधनाची बिलं, मैत्रिणींच्या लग्नातले फोटो. त्या सगळ्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं असतं. पण त्यात एक फोल्डर होता, 'आजी' नावाचा.

२०२० च्या दिवाळीत निफाडजवळच्या आमच्या गावी मी आजीला बोलतं केलं होतं. रोज दुपारी, ओट्यावर, मोबाइल तिच्या मांडीशी ठेवून. नऊ दिवस, नऊ रेकॉर्डिंग्ज. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आजी, कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी. "आगं, ती भाकर घशाखाली उतरायची न्हाई, पन पोरांपुढं तोंड वाकडं करायची सोय नव्हती," हे ती हसत हसत सांगायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये आजी गेली. आणि आठ महिन्यांनी मी तिचा आवाज फरशीवर पाडला.

एकुलती एक कॉपी

डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क मुंबईला पाठवली. उत्तर आलं : हेड प्लॅटरवर घासलंय, काही निघणार नाही. चालू डिस्कमध्ये आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरत असते आणि तिच्यावर वाचणारं-लिहिणारं हेड अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. अशा वेळी डिस्क पडली की हेड तबकडीवर आपटतं आणि घासत जातं. त्या ओरखड्याखाली जे असतं ते संपलं. तिथे कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही.

मग मी घर पालथं घातलं. जुना फोन विकून झाला होता. शेवटी लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात नऊपैकी तीन रेकॉर्डिंग्ज सापडली. आजीवर पॉडकास्ट करायचा म्हणून एडिटिंगला घेतलेली आणि कंटाळा करून तशीच सोडलेली. म्हणजे माझ्या आळसाने तीन वाचली आणि माझ्या भरवशाने सहा गेली! दुष्काळाचं रेकॉर्डिंग वाचलेल्यांत होतं. लग्नाचं, जात्यावरच्या ओव्यांचं, आजोबांचं गेलं.

बाबा काही बोलले नाहीत. आई तेवढं म्हणाली, "तू म्हणत होतीस ना, सगळं सेव्ह केलंय?"

केलं होतं. एकाच ठिकाणी.

फाळक्यांच्या गावात

गंमत म्हणजे हा धडा मला आधीच माहीत असायला हवा होता. कारण मी नाशिककर. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशकातच गेले. त्यांची हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी इथलीच. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळेची सहल तिथे गेली नाही असा नाशिककर शोधून सापडणार नाही. फाळक्यांनी नव्वदहून अधिक चित्रपट केले. आज त्यातले मोजकेच हाती आहेत, तेही बहुतेक तुकड्यांत. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची मूळ रिळं चार. उरली पहिलं आणि शेवटचं. तीसुद्धा १९१३ ची की १९१७ मध्ये फाळक्यांनी नव्याने केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही. शिवाय प्रिंट्सही मोजक्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात तर जतन करून ठेवलेल्या नायट्रेट फिल्म्सच्याच साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं गेली. म्हणजे नुसतं 'जपून ठेवणं' पुरत नाही. एकाच जागी जपून ठेवलेली वस्तू एकाच वेळी जाऊ शकते.

आमची पिढी तर त्याहून बेफिकीर. सगळं 'वर' कुठेतरी आहे असं आपण धरून चालतो. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजने अमर्याद फुकट जागा देणं बंद केलं, तेव्हा ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकला पहिल्यांदा कळलं, की फुकट जीबी फक्त पंधराच आहेत आणि त्यातच मेलसुद्धा बसवायचे आहेत.

रेड म्हणजे छापा नव्हे

पुण्यात आयटीत असलेल्या कॉलेजच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "नॅस घे आणि रेड वन टाक." मला फक्त इन्कम टॅक्सची रेड माहीत!

तर नॅस म्हणजे नेटवर्कवरचा साठा. टोस्टरएवढा डबा, आत दोन किंवा जास्त हार्ड डिस्क, मागे राऊटरला जाणारी एक केबल. घरातला प्रत्येक लॅपटॉप, फोन, टीव्ही त्यातल्या फाइल्स उघडू शकतो. आणि रेड ही त्या डिस्क एकत्र नांदवायची पद्धत. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. एक महागडी, मोठी डिस्क घेण्याऐवजी स्वस्त आणि छोट्या डिस्कची फौज उभारा, एखादी पडली तरी बाकीच्यांनी काम निभवावं, असा त्यांचा फंडा होता.

रेड वन समजायला सोपं. दुकानदाराच्या बिलबुकात कार्बन पेपर असतो ना? वर लिहिलं की खालच्या पानावर उमटतं. तसंच, एका डिस्कवर लिहिलं की त्याच क्षणी दुसरीवरही. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर जागा चारच टीबीची मिळते आणि कॉम्प्युटर ती साधारण ३.६ दाखवतो. (फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने.)

तीन किंवा जास्त डिस्क असतील तर रेड फाइव्ह. तो कॉन्ट्रीच्या हिशेबासारखा. तिघांनी मिळून बिल भरलं, दोघांचे आकडे आणि एकूण बेरीज माहीत आहे, तर तिसऱ्याने किती दिले ते निघतंच. म्हणून एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून तिच्यावरचा मजकूर मांडता येतो. रेड सिक्समध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालतं, पण त्याला किमान चार लागतात. मला घरासाठी कार्बन पेपर पुरेसा होता.

कौलांची गोष्ट

खरेदीला गेले कॅनडा कॉर्नरच्या ओळखीच्या दुकानात. काउंटरवरच्या दादांनी थंडपणे विचारलं, "मॅडम, सीसीटीव्हीसाठी का?" त्यांच्याकडे कॅमेऱ्यांसाठीच्या डिस्कचा ढीग होता. नॅससाठीच्या डिस्क ऑर्डर द्याव्या लागल्या. मित्राने बजावून सांगितलं होतं, "सीएमआर बघ, एसएमआर घेऊ नकोस."

हा काय लोच्या? एसएमआर डिस्कमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, गावाकडच्या घरावरच्या कौलांसारख्या. नवी कौलं ओळीने घालत जायची तर झरझर होतं. पण मधलंच एक बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. रेडमध्ये एक डिस्क बदलून नवीवर सगळं उतरवताना नेमकं हेच रखडतं. सीएमआरमध्ये पट्ट्या शेजारी शेजारी, चढाचढी नाही.

दुसरी टीप : दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. एकाच बॅचच्या, एकाच दिवशी कामाला लागलेल्या डिस्क एकत्रच म्हाताऱ्या होतात. मी एक त्या दादांकडून घेतली, दुसरी ऑनलाइन. डबा, डिस्क आणि छोटा यूपीएस धरून चाळीस हजारांच्या वर गेलं. माझ्यासारखीच्या खिशाला हा आकडा लहान नाही. नवा फोन घ्यायचा बेत गुपचूप रद्द केला. डेटा रिकव्हरीवाल्याने काही न काढता घेतलेली तपासणी फी आठवली, आणि बरं वाटलं.

गणपतीच्या आदल्या रविवारी जुळवाजुळव केली. डिस्क सरकवायच्या, केबल लावायची, ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, रेड वन निवडायचं. वीस मिनिटांचं काम. मग घरातल्या पेनड्राइव्ह, जुन्या सीडी, आईच्या फोनमधले फोटो असा ४०० जीबीचा संसार कॉपीला लावला, तर अंदाज दिसला दहा तास! डब्यात दोष काहीच नव्हता. नेटवाल्याने फुकट दिलेल्या राऊटरची पोर्ट्स १०० एमबीपीएसची निघाली, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ एमबी. गिगाबिट राऊटर लावल्यावर तेच काम तासाभराचं झालं. डबा कितीही भारी असो, नळी बारीक असेल तर पाणी थेंबथेंबच येणार.

एक काढून बघितली

यूपीएस घेतला तेव्हा बाबांना तो नखरा वाटला होता. पण नाशकात पावसाळ्यात लाइट जायला एक जोराची सर पुरते, आणि डिस्क लिहीत असतानाच वीज गेली तर मजकूर अर्धवट राहतो. यूपीएसपासून नॅसला एक यूएसबी केबल जाते. वीज गेली की यूपीएस तिच्यावरून निरोप धाडतो, आणि बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःच शहाण्यासारखा बंद होतो.

पण दोन डिस्कवर भरवसा ठेवायचा तर परीक्षा घ्यायला हवी. मित्राचाच सल्ला : डेटा भरलेला असताना एक डिस्क ओढून बघ. (आधी दुसरीकडे कॉपी ठेवून, हे त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.) एका रात्री टीव्हीवर आजीचं दुष्काळाचं रेकॉर्डिंग लावलं. आई-बाबा सोफ्यावर. मी डब्याची एक डिस्क ओढली. नॅस कर्कश पीं-पीं करायला लागला, बाबा दचकून उठले, "अगं, काय केलंस?"

आजी मात्र बोलतच होती. लाल भाकरीचं वाक्य तिने अजिबात न अडखळता पूर्ण केलं.

बाबांनी डोळे पुसले. मी डिस्क परत बसवली. रात्रभर नॅसने एका डिस्कवरून दुसरीवर सगळं पुन्हा उतरवलं. चार टीबीची अख्खी डिस्क, साडेसात-आठ तास. सकाळी हिरवा दिवा. मला वाटलं, जिंकले!

आणि मग मीच

फेब्रुवारी २०२४. रात्रीचा एक. जुना लॅपटॉप विकून नवा घेतला होता आणि नॅसवरच्या फोल्डर्सची साफसफाई चालली होती. 'आजी_कट', 'आजी_फायनल', 'आजी_फायनल_२', 'आजी_मूळ'. तुमच्याही फोल्डर्सची नावं अशीच असणार, मला माहीत आहे. डुप्लिकेट म्हणून तीन सिलेक्ट केले, डिलीट दाबलं. आणि उरलेला फोल्डर उघडला तर आत चार मिनिटांचा पॉडकास्टचा तुकडा. मूळ रेकॉर्डिंग्ज मी पुसली होती.

लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये धावले. रिकामा! नेटवर्कवरच्या फाइल्स डिलीट केल्या की त्या लॅपटॉपच्या कचरापेटीत येतच नाहीत. नॅसची स्वतःची कचरापेटी असते, पण ती मी चालूच केली नव्हती. मित्राला झोपेतून उठवलं.

"दुसऱ्या डिस्कवर असेल ना रे?"

"अगं, कार्बन पेपर आहे तो. तू वरच्या पानावर खोडलंस, खालच्या पानावरही खोडलं गेलं."

सगळ्यात मोठं सत्य मला चाळीस हजार खर्चून, सहा महिन्यांनी कळलं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क मेली तर रेड वाचवतं. तुमच्या चुकीपासून, व्हायरसपासून, चोरापासून, आगीपासून नाही. उलट तुमची चूक ते अत्यंत प्रामाणिकपणे, दोन ठिकाणी, ताबडतोब नोंदवतं.

ती रात्र मी जागून काढली. सकाळी सात वाजता कोथरूडला आत्याला फोन केला. ऑक्टोबरमध्ये वर्षश्राद्धाला सगळे जमले होते, तेव्हा आत्याला एक पेनड्राइव्ह दिल्याचं अंधूक आठवत होतं. द्यायचं म्हणून दिला होता. आत्याला कॉम्प्युटर येत नाही, तो कुठे पडला असेल कोण जाणे.

"अगं, आहे की! तो स्पीकर नाही का, त्याला लावलाय. कालच मेथी निवडताना ऐकत होते आईला."

तिन्ही रेकॉर्डिंग्ज. आत्याच्या ओट्यावर, मिक्सरशेजारी. मी दुपारच्या गाडीने पुणं गाठलं. पेनड्राइव्हच्या टोकावर हळदीचं बोट उमटलेलं होतं.

दुतोंड्या मारुतीचा सल्ला

आता मी शहाणी झालेय. जगभरात हा नियम तीन-दोन-एक म्हणून ओळखला जातो : महत्त्वाच्या फाइलच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. नॅस, त्याला अधूनमधून लावायची वेगळी डिस्क आणि घराबाहेरची तिसरी.

घराबाहेरची कुठे? मी म्हटलं, भांडी बाजारात चुलतकाकांचं दुकान आहे, स्कूटरवर दहा मिनिटं. बाबा हसले. "२ ऑगस्ट २०१६ विसरलीस?" गोदावरीला पूर किती, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो. पाणी कमरेला, छातीला की डोक्यावर. त्या दिवशी सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा. तिसरी कॉपी अशा ठिकाणी हवी, जिथे आपल्यावर आलेलं संकट पोचणार नाही. म्हणून आत्या. कोथरूड, चौथा मजला.

बाबांनीच वेळापत्रक ठरवलं. दोन डिस्क, पासवर्डने कुलूपबंद. राखीपौर्णिमेला आत्या नाशिकला येते, येताना तिच्याकडची डिस्क आणते आणि ताजी घेऊन जाते. भाऊबीजेला बाबा पुण्याला जातात, पुन्हा अदलाबदल. मधल्या महिन्यांतलं माझं चालू काम कुलूप लावून क्लाउडवर जातं. आणि आत्याचा हळदीचा पेनड्राइव्ह तिलाच परत दिलाय. त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

एवढं कराच

- आज रात्री विचार करा : पुन्हा मिळणारच नाही असं काय काय फक्त एकाच ठिकाणी आहे? सुरुवात तिथून.
- नॅस घेतलाच तर कचरापेटी आणि स्नॅपशॉट पहिल्याच दिवशी चालू करा. स्नॅपशॉट म्हणजे फोल्डर काल कसा होता याची आठवण. चुकून पुसलेलं त्यातूनच परत येतं.
- महिन्यातून एकदा डिस्कची तपासणी आपोआप होईल असं लावा, आणि इशारा मेलवर येतोय ना ते बघा.
- ऑफिसातून फाइल्स बघायच्या म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. २०२१ मध्ये अशा हजारो डब्यांतल्या फाइल्स खंडणीखोरांनी कुलूपबंद केल्या होत्या. बाहेरून लागलंच तर व्हीपीएन.
- बॅकअप घेतला एवढ्यावर खूश होऊ नका, त्यातली एखादी फाइल उघडून बघा. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन, एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी. तारीख मुद्दाम निवडलीय.

गेल्या भाऊबीजेला आत्याने पाट मांडला, बाबांना ओवाळलं. बाबांनी ताटात पाकीट ठेवलं आणि शेजारी बबल रॅपमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क. आत्याने जुनी डिस्क साडीच्या कपाटातून काढून दिली. मग आत जाऊन स्पीकर लावला. जेवताना आम्ही पुन्हा एकदा १९७२ चा दुष्काळ ऐकला.

सहा रेकॉर्डिंग्ज गेली ती गेलीच. पण ओव्यांचं गेलेलं रेकॉर्डिंग आठवून मी हळहळले, तेव्हा आत्या म्हणाली, "त्यातल्या चार-पाच मला येतात गं. आईबरोबर म्हणायचे मी."

जेवण झाल्यावर मी फोन तिच्या मांडीशी ठेवला. त्याच रात्री ते रेकॉर्डिंग तीन ठिकाणी गेलं.